रिले का टकटकतो, का चिकटतो, का जळतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या पंपाचा स्टार्टर, फ्रिजचा स्टॅबिलायझर, टॅक्सीचा हॉर्न, लाईट गेली की टक्‌ करणारा इन्व्हर्टर, गिरगाव-दादरच्या जुन्या इमारतींतल्या जाळीच्या लिफ्टचं पॅनल, या सगळ्यांत रिले असतो. लोक विचारतात ते बहुधा कॉइलबद्दल आणि बिघाड निघतो तो बहुधा कॉन्टॅक्टमध्ये. म्हणून खालची उत्तरं मुद्दाम कॉन्टॅक्टकडे झुकलेली आहेत. आधी एकच सूचना: २३० किंवा ४१५ व्होल्टच्या पेटीत हात घालण्यापूर्वी मेन बंद करा आणि मीटर लावून खात्री करून घ्या. टेस्टर पेटत नाही, एवढ्यावर जीव सोपवू नका.

रिले आत नेमकं काय करतो?

तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, थोडा करंट गेला की मधला लोखंडी गाभा चुंबक होतो आणि समोरची लोखंडी पट्टी ओढून घेतो. या पट्टीला आर्मेचर म्हणतात. पट्टी हलली की तिच्यासोबत कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारं धातूचं टोक (बोलीत पॉइंट), हलतो आणि दुसरंच एखादं सर्किट जोडलं किंवा तोडलं जातं. कॉइलचा करंट थांबला की स्प्रिंग पट्टीला मागे नेते. कॉइल आणि कॉन्टॅक्ट यांच्यात विजेची जोडणी अजिबात नसते, आणि सगळी गंमत त्यातच आहे. बाजारात मिळणाऱ्या छोट्या चौकोनी १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ४०० ओहमची असते, म्हणजे ती जेमतेम ३० मिलिअँपिअर घेते आणि तेवढ्यावर १० अँपिअरचा कॉन्टॅक्ट हलवते.

अमेरिकेत जोसेफ हेन्रीने १८३५च्या सुमारास हेच केलं होतं. लांबवरच्या तारेतून येईपर्यंत क्षीण झालेल्या करंटने त्याने जवळच्या बॅटरीचं सर्किट जोडलं. पुढे तारखातं याच युक्तीवर चाललं.

एनओ, एनसी आणि कॉमन कसे ओळखायचे?

कॉइलला वीज नसताना जो कॉन्टॅक्ट उघडा तो एनओ (नॉर्मली ओपन), जो जोडलेला तो एनसी (नॉर्मली क्लोज्ड), आणि दोघांत ये-जा करणारा तो कॉमन. मीटर कंटिन्युइटीवर ठेवा. रिले नुसता टेबलावर असताना ज्या दोन पिनांवर बीप येतो त्या कॉमन आणि एनसी. ज्या दोन पिनांत दहा-वीसपासून काहीशे ओहम दिसतात ती कॉइल.

गाडीच्या रिलेवर आकडेच छापलेले असतात: ८५ आणि ८६ कॉइल, ३० कॉमन, ८७ एनओ, ८७ए एनसी. इथे एक खोच आहे. पाच पिनांच्या काही रिलेंत मधली पिन ८७ए नसून दुसरी ८७ असते. दिसायला दोन्ही रिले सारखेच. हॉर्नला किंवा जादा लाईटला असला रिले बदलताना पिन मोजू नका, त्यावरचा आकडा वाचा.

रिलेवर १० अँपिअर लिहिलंय, पंप घेतो ७ अँपिअर. तरी महिन्याभरात पॉइंट कसे गेले?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर थोडं लांब आहे.

तो १० अँपिअरचा आकडा बहुतेक वेळा रेझिस्टिव्ह लोडसाठी असतो. गिझरची किंवा इस्त्रीची कॉइल हा असा लोड, सुरू होताना आणि बंद होताना करंट सारखाच. मोटरचं तसं नाही. १ एचपीचा सिंगल फेज पंप चालू स्थितीत ६-७ अँपिअर घेत असेल, पण सुरू होण्याच्या क्षणी तो त्याच्या सहापट किंवा जास्तही ओढतो. म्हणजे तुमचा १० अँपिअरचा कॉन्टॅक्ट रोज ४० अँपिअरवर जोडला जातोय.

शिवाय कॉन्टॅक्ट एका झटक्यात जोडला जात नाही. जोरात लोटलेलं दार चौकटीवर आपटून पुन्हा किंचित उघडतं, तसा तो काही मिलिसेकंद उसळत राहतो. प्रत्येक उसळीला छोटी ठिणगी, प्रत्येक ठिणगीला चांदीचा एक कण वितळतो. मोटरचा सगळ्यात मोठा करंट आणि कॉन्टॅक्टची उसळी हे दोन्ही नेमके एकाच वेळी येतात. पॉइंट तिथेच मरतो.

एलईडी दिव्यांनाही लोक हलका लोड समजतात. प्रत्येक एलईडी ड्रायव्हरच्या तोंडाशी कपॅसिटर असतो आणि तो रिकामा असताना पहिल्या मिलिसेकंदात प्रचंड करंट खेचतो. वीस-पंचवीस पॅनल लाईट एकाच छोट्या रिलेवर टाकले, वॉट मोजले तर ३०० सुद्धा भरत नाहीत, आणि तरीही रिले चिकटून बसतो. जुन्या तारेच्या बल्बचंही असंच होतं, थंड तार दहा-पंधरा पट करंट घेते.

म्हणून डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, मोटरसाठीचा वेगळा आकडा शोधा. काही रिलेंवर तो एचपीमध्ये दिलेला असतो आणि मोठ्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो. कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा भार पेलणारा मोठा रिले, घेताना एसी-१ आणि एसी-३ असे दोन आकडे दिसतील. पहिला हीटरसारख्या लोडचा, दुसरा मोटरचा. दुकानदार मोठा आकडा सांगतो, तुम्ही एसी-३ विचारा.

एसीवर २५० व्होल्ट चालतो आणि डीसीवर फक्त ३० व्होल्ट. असं का?

कॉन्टॅक्ट उघडताना दोन टोकांमधली हवा तापून वाहक होते आणि त्यातून करंट वाहतच राहतो. हा आर्क. आपल्या घरच्या ५० हर्ट्झच्या एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे जास्तीत जास्त १० मिलिसेकंदांत आर्क आपोआप विझायची संधी मिळते. डीसीला शून्य नाहीच. अंतर पुरेसं नसेल तर आर्क पेटलेला राहतो आणि रिले आतून वितळतो. छोट्या रिलेत कॉन्टॅक्टमधलं अंतर मिलिमीटरच्याही आत असतं. गच्चीवरच्या सोलर पॅनलची १०० व्होल्ट डीसी लाईन अशा रिलेने तोडायला जाणं म्हणजे पेटीत वेल्डिंग मशीन बसवणं.

मुंबईला ही अडचण जुनी आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि उपनगरी मार्गांवरून डीसी पूर्णपणे गेलं ते २०१६मध्ये, तेही हार्बरवरूनच. त्या गाड्यांच्या कॉन्टॅक्टरमध्ये आर्क विझवण्यासाठी खास चुंबकीय क्षेत्र लावून तो ताणत ताणत उष्णतारोधक कप्प्यांत ढकलावा लागे. आता वर २५,००० व्होल्ट एसी आहे. विजेवरच्या मोटारींत डीसी परत आलंय, तिथले कॉन्टॅक्टर हवाबंद करून आत हायड्रोजनसारखा वायू भरतात, कारण त्यात आर्क लवकर थंड होतो.

डीसीवर आणखी एक खूण दिसते. कॉन्टॅक्टच्या एका बाजूचा धातू दुसरीकडे जातो, म्हणून एकीकडे खळगा पडतो आणि समोर टोक उगवतं. रिले उघडल्यावर असं दिसलं तर तो बराच काळ डीसी लोड तोडत होता, असं समजायचं.

पॉइंट चिकटले म्हणजे नेमकं काय होतं? ठोकलं की सुटतात, मग चालेल ना?

वितळलेली चांदी दोन्ही बाजूंना थिजते आणि वेल्ड होतो. कॉइल सुटते, स्प्रिंग ओढते, पण पॉइंट सोडत नाहीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारली की वेल्ड तुटतो आणि सगळं ठीक झाल्यासारखं वाटतं. पण आता पृष्ठभाग खडबडीत झालेला असतो आणि पुढचा वेल्ड आधीपेक्षा लवकर होणार. ठोकून सुटलेला रिले बदलायचाच.

रिले उघडा राहून बिघडला तर फक्त पाणी चढत नाही, वॉचमन ओरडतो, कोणीतरी बघायला येतं. जोडलेलाच राहून बिघडला तर पंप थांबतच नाही. गच्चीवरची टाकी वाहते, खालची रिकामी होते आणि पंप कोरडा फिरून सील जळतं. गिझरच्या बाबतीत तर याहून वाईट. म्हणून ज्या कामात ‘बंद न होणं’ धोक्याचं, तिथे एकाच रिलेवर विसंबू नका. गिझरला थर्मोस्टॅटशिवाय वेगळा थर्मल कट-आउट असतो तो याचसाठी.

दोन कॉन्टॅक्ट पॅरलल जोडले तर १०चे २० अँपिअर होतील का?

नाही. दोन कॉन्टॅक्ट कधीच एकाच क्षणी लागत नाहीत. जो आधी लागतो तो सगळा सुरुवातीचा करंट खातो, आणि जो शेवटी सुटतो तो सगळा आर्क. दोन सीरीजमध्ये जोडले तर मात्र डीसी तोडायला खरोखर मदत होते, कारण एकूण अंतर दुप्पट होतं.

कॉन्टॅक्ट काळे पडलेत. पॉलिश पेपर मारू का?

थांबा. काळे पडले म्हणजे खराब झाले असं नाही. मोठ्या कॉन्टॅक्टरमध्ये चांदीच्या मिश्रधातूवर काळसर थर येतो आणि तो करंट वाहून नेतो. कानस किंवा पॉलिश पेपर मारलात तर काळं जातं, सोबत चांदीही जाते, वर पेपरचे कठीण कण धातूत रुतून बसतात. चांदीचा थर इतका झिजलाय की खालचं तांबं दिसतंय, तर पूर्ण किट बदला. नसेल तर हात लावू नका.

छोट्या रिलेत मात्र काळेपणा त्रास देऊ शकतो आणि मुंबईत तो जास्त आढळतो. नाले, खाडीचा चिखल, मिठी नदीचा काठ इथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड असतं, तोच तो सडक्या अंड्याचा वास. चांदी त्याच्याशी मिळून सिल्व्हर सल्फाइड बनवते, जे करंट नीट नेत नाही. घरातली चांदीची निरांजनं काळी पडतात तेही याचमुळे. नाल्याकाठच्या इमारतींत एअर कंडिशनरच्या तांब्याच्या कॉइल लवकर गळतात, ही तक्रार एसीवाल्यांकडून ऐकली असेलच. त्याच हवेत तुमचा रिलेही आहे. अशा ठिकाणी पूर्ण सीलबंद रिले घ्या. आणि पेटीच्या फटी भरायला सिलिकॉन सीलंट वापरणार असाल तर ते पूर्ण सुकल्याशिवाय झाकण लावू नका. त्याच्या वाफा ठिणगीत जळून कॉन्टॅक्टवर वाळूसारखा थर तयार करतात आणि तो थर वीज अडवतो.

मुंग्या आणि पाली हा वेगळाच विभाग. पावसाळ्यात दोघीही स्टार्टरची उबदार पेटी शोधतात. हार्वर्डच्या मार्क-२ या रिलेवर चालणाऱ्या संगणकात ९ सप्टेंबर १९४७ला कॉन्टॅक्टच्या मध्ये एक पतंग सापडला होता आणि तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला. आपल्याकडे पाली चिकटवायच्या ठरवल्या तर वह्या पुरणार नाहीत. केबलच्या भोकांना ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारं बूच, लावा.

मोठा लोड व्यवस्थित चालतो, पण त्याच रिलेने छोटा सिग्नल दिला की कधी जातो, कधी नाही. रिले खराब आहे का?

बहुधा चांगला आहे, जागा चुकली आहे. मोठा लोड तोडताना होणारी ठिणगी कॉन्टॅक्टवरचा मळ जाळून टाकते. ५ व्होल्ट आणि एखाद-दोन मिलिअँपिअरमध्ये ती ताकद नसते. १० अँपिअरच्या अनेक रिलेंच्या डेटाशीटमध्ये किमान लोडही दिलेला असतो, साधारण ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर. हा आकडा कोणी वाचत नाही. कंट्रोलरच्या इनपुटसाठी सोन्याचा मुलामा असलेले कॉन्टॅक्ट घ्या. आणि उलट चूकही करू नका. सोन्याच्या कॉन्टॅक्टवर एकदा मोठा लोड टाकला की मुलामा उडाला, मग तो साधाच रिले.

कॉन्टॅक्टर घूं करतो, रिले टकटकतो. कारण काय?

घूं हा एसी कॉइलचा आवाज. करंट शून्यावर आला की चुंबकाची पकडही सुटू पाहते. ती टिकावी म्हणून गाभ्याच्या तोंडावर तांब्याची एक बंद कडी बसवलेली असते, शेडिंग रिंग. ती तुटली किंवा गाभ्याच्या दोन तोंडांत गंज-धूळ अडकली की थरथर सुरू होते. तोंडं कोरड्या फडक्याने पुसा, तेल लावू नका, तेलावर धूळ बसते.

टकटक म्हणजे व्होल्टेज अपुरं. १२ व्होल्टचा रिले साधारण ९ व्होल्टला ओढतो. पण हा आकडा थंड कॉइलचा. तांब्याची कॉइल ४० अंशांनी तापली की तिचा रेझिस्टन्स सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, करंट तेवढा कमी होतो आणि ओढायला जास्त व्होल्टेज लागतं. मे महिन्यात पत्र्याच्या पंपघरात दुपारी न लागणारा रिले रात्री बिनतक्रार लागतो, त्याचं कारण हे. टकटकणारा कॉन्टॅक्टर तसाच चालू ठेवू नका. प्रत्येक टकीला मोटरचा सुरुवातीचा करंट जातोय.

कॉइलवर डायोड का लावतात?

कॉइलचा करंट अचानक तोडला की ती उलट दिशेने शेकडो व्होल्टचा झटका देते आणि तिला चालवणारा ट्रान्झिस्टर मरतो. एकाच दिशेने करंट जाऊ देणारा १एन४००७ डायोड उलटा जोडला की झटका त्यातच फिरून विरतो. फक्त डीसी कॉइलला.

पण हे फुकट मिळत नाही. डायोडमुळे कॉइलचा करंट हळूहळू उतरतो, आर्मेचर आळसावल्यासारखं सुटतं, कॉन्टॅक्ट हळू उघडतात आणि आर्क लांबतो. मोठा लोड वारंवार तोडायचा असेल तर डायोडसोबत सीरीजमध्ये एक झेनर डायोड टाका. ट्रान्झिस्टरही वाचतो आणि पॉइंटही.

कॉन्टॅक्टच्या दोन टोकांवर लावतात तो आरसी स्नबर, म्हणजे ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, वेगळा. त्यातल्या ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्टला सुमारे ७ मिलिअँपिअर गळत राहतात. बटण बंद करूनही एलईडी बल्ब मंद मिणमिणत असेल तर भूत नाही, हा स्नबर.

सोसायटीच्या पंपाच्या स्टार्टरमध्ये ‘रिले’ कुठला आणि कॉन्टॅक्टर कुठला?

मोठा आवाज करणारा तो कॉन्टॅक्टर. तोही रिलेच, मोटरचा भार पेलण्यासाठी बांधलेला. त्याच्या खाली डायल आणि रिसेट बटण असलेला भाग म्हणजे ओव्हरलोड रिले. त्यात चुंबक नसतो, दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि ९५-९६ क्रमांकाचा एनसी कॉन्टॅक्ट उघडते. तो कॉन्टॅक्ट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत असतो, म्हणून पंप थांबतो.

हिरवं बटण सोडल्यावरही पंप चालू राहतो तो १३-१४ या होल्डिंग कॉन्टॅक्टमुळे. कॉन्टॅक्टर ओढला की हा कॉन्टॅक्ट बटणाला समांतर वाट देतो. वीज गेली की वाट तुटते आणि परत आल्यावर पंप आपोआप सुरू होत नाही. हा दोष नाही, मुद्दाम केलेली सोय आहे.

ओव्हरलोड सारखा ट्रिप होतो म्हणून डायल वाढवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डायल मोटरच्या प्लेटवरच्या करंटवर ठेवायचा. त्यावरही ट्रिप होत असेल तर बेअरिंग, अडकलेला इंपेलर किंवा एक फेज गेलेली, यातलं काहीतरी आहे.

लोकलच्या सिग्नलला लागणारे रिले वेगळे असतात का?

हो, आणि त्यांची रचना बघण्यासारखी आहे. रेल्वेच्या क्यू मालिकेतल्या रिलेत ज्या कॉन्टॅक्टवर सुरक्षितता अवलंबून असते, त्याची एक बाजू चांदीची आणि दुसरी चांदी मिसळलेल्या कार्बनची असते. कार्बन वितळून चांदीला चिकटत नाही, म्हणजे वेल्डचा प्रश्नच मिटला. त्यात आर्मेचर खाली पडतं ते मुख्यतः गुरुत्वाकर्षणाने. वीज गेली, तार तुटली, काहीही झालं तरी रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. दोन्ही बाजू धातूच्या असलेले रिलेही रेल्वेत आहेत, पण तिथे प्रत्येक वेळी रिले खरंच सुटला का, हे दुसऱ्या सर्किटने तपासावं लागतं. आता इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि रूळ एकमेकांशी बांधणारी संगणकी यंत्रणा, आलं तरी शेवटच्या टोकाला, सिग्नलपाशी, रिले अजून हजर आहे.

सॉलिड स्टेट रिले घेतला तर कटकट संपेल?

यात हलणारे कॉन्टॅक्ट नसतात, इलेक्ट्रॉनिक भागच करंट जोडतो-तोडतो, म्हणून ठिणगी आणि आवाज संपेल. पण तो चालू असताना दर अँपिअरला साधारण एक वॉट उष्णता देतो, म्हणून हीटसिंक हवा. बंद असतानाही थोडा करंट गळतो. आणि बिघडला की बहुधा शॉर्ट होऊन, म्हणजे चालू राहूनच बिघडतो. दर काही सेकंदांनी हीटर चालू-बंद करायचा असेल तर हाच घ्या. पंपाला कॉन्टॅक्टरच बरा.

रिले किती टिकतो?

नुसता हलवला तर साधारण एक कोटी वेळा, पूर्ण लोडसह साधारण एक लाख वेळा. फरक शंभरपट, आणि तो सगळा कॉन्टॅक्टचा.

बदली रिले घ्यायला कुठे जाऊ आणि काय बघू?

छोटे पीसीबी रिले लॅमिंग्टन रोडला, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड लोहार चाळीत. जुना नग सोबत न्या, फोटोवर भागवू नका. कॉइलचं व्होल्टेज तर बघाच, पण ते एसी की डीसी हेही बघा: २४ व्होल्ट डीसीची कॉइल २४ व्होल्ट एसीवर नुसती फडफडते, आणि एसीची कॉइल तेवढ्याच डीसीवर टाकली तर तापून जळते. पिनांची मांडणी जुळते का पाहा. काउंटरवरच मीटर लावून कॉइलचा ओहम मोजा, आणि एनसी पॉइंटवर वाचन स्थिर येतं का बघा. नव्या रिलेत ते मीटरच्या तारांच्या रेझिस्टन्सइतकंच, म्हणजे जवळजवळ शून्य असायला हवं. आकडा नाचत असेल तर डबी नवी आणि माल जुन्या यंत्रातून काढलेला आहे. तसाच परत करा.